धाव, रूळ आणि रबर : मागच्या चाकाच्या पकडीची कहाणी

श्रोतेहो, आषाढात काळ्या मातीच्या वावरात ट्रॅक्टर अडकला म्हणजे काय होते, ते आपल्या वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. इंजिन गर्जते, धूर निघतो, मागचे चाक गरगर फिरते. पण ट्रॅक्टर जागचा हलत नाही. उलट चाक जितके फिरते तितके ते खाली जाते. इंजिनात ताकद नाही असे नव्हे. ताकद भरपूर आहे, पण ती जमिनीपर्यंत पोचत नाही. चाकाची आणि जमिनीची गाठच पडत नाही.

आता हजारो कोसांवरची एक गोष्ट ऐका. अमेरिकेत मोटारींची एक शर्यत असते, तिला ड्रॅग रेसिंग म्हणतात. सरळ पट्टी, दोन गाड्या शेजारीशेजारी, दिवा लागला की निघायचे आणि पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची खूण आधी गाठायची. वळण नाही, चढ नाही. या खेळातल्या सर्वांत दांडग्या गाड्यांची ताकद दहा हजार अश्वशक्तीच्या वर सांगतात. आणि त्यांच्या चालकाची तक्रार तीच, जी आपल्या वावरातल्या शेतकऱ्याची : मागचे चाक जागीच फिरते! म्हणून त्या खेळात इंजिनाइतकाच विचार मागच्या टायरचा आणि चाकाचा करतात.

एकीकडे चिखलातला ट्रॅक्टर, दुसरीकडे शर्यतीची मोटार. प्रश्न मात्र एकच : चाकाने जमीन धरावी कशी? या प्रश्नाचा इतिहास मोठा मौजेचा आहे, आणि त्यातले बरेचसे आपल्याला बडनेऱ्यात उभे राहूनच समजून घेता येते.

बंडीचे चाक आणि बैलाचा खूर

आपल्या जुन्या बंडीपासून सुरुवात करू. तिचे चाक पाहा. मध्ये तुंबा, त्यात बसवलेले आरे, भोवती लाकडी कडे आणि त्यावर लोखंडी धाव. लोहार ही धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवतो, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतो, तापून मोठी झाली की चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो. धाव आकसते आणि सगळे चाक आवळून धरते. शाळेतल्या मुलांना उष्णतेने होणारे प्रसरण शिकवायला याहून चांगला धडा नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. बंडीचे चाक गाडी ओढत नाही. ते नुसते मागोमाग येते. ओढतो तो बैल. म्हणून बंडीच्या चाकाला पकड नको असते, त्याने फक्त हलके फिरावे. वंगण घालायचे ते त्यासाठीच. पकड लागते ती बैलाच्या खुराला. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, चिखलात तो फाकतो आणि जास्त जागा धरतो. पक्क्या सडकेवर तोच खूर झिजतो आणि घसरतो, म्हणून आपण पत्री मारतो. म्हणजे पाहा, चिखलासाठी एक व्यवस्था आणि सडकेसाठी दुसरी, हे शहाणपण आपल्याकडे टायर येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

आपला शंकरपट हीदेखील सरळ पट्टीवरची शर्यतच की! दोन बैल, हलकी छकडी, वर धुरकरी आणि सेकंदाच्या अंशापर्यंत मोजलेला वेळ. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाचे नाव सगळीकडे ठाऊक आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. पुढे २०१७ साली महाराष्ट्राने कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा मान्य केला. बैलाला टोचू नये, मारू नये, ही त्यामागची अट आहे; आणि ती रास्त आहे. पटाच्या जाणकाराला विचारा, तो बैलाच्या धावण्याइतकेच त्याच्या सुटण्याविषयी बोलेल. पहिल्या दोन-चार ढांगांत जोडी घसरली, तर पुढची धाव कितीही चांगली असो, पट हातचा जातो.

गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून दूर गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. त्याच सुमारास लोहमार्ग पुढे सरकत होता. भुसावळहून अकोला, बडनेरा करीत तो १८६७ साली नागपूरला पोचला. अमरावती शहर मुख्य मार्गाच्या बाजूला राहिले, म्हणून बडनेऱ्याहून तिकडे फाटा काढला आणि बडनेरा जंक्शन झाले. जुनी वस्ती आणि नवी वस्ती अशी गावाची दोन अंगे आजही रुळाच्या दोन बाजूंना आहेत.

या आगगाडीबरोबर आपल्या मुलखात एक नवी चीज आली : स्वतः ओढणारे चाक. आजवर चाक मागोमाग येत होते. आता चाकच जनावराच्या जागी आले. आणि लगेच पकडीचा प्रश्न उभा राहिला. लोखंडी रूळ गुळगुळीत, चाकही गुळगुळीत. हे घसरणार नाही काय?

ही शंका इंग्लंडातल्या पहिल्या इंजिनियरांनाही आली होती. १८१२ साली ब्लेंकिन्सॉप याने लीड्सजवळच्या मिडलटन येथे रुळाला दाते पाडले आणि इंजिनाला दातेरी चाक लावले. पण पुढच्याच वर्षी विल्यम हेडली याने प्रयोग करून दाखवून दिले की इंजिन पुरेसे जड असले, तर दात्यांची गरज नाही. गुळगुळीत चाकही रूळ धरते. भार हीच त्याची पकड. कोरड्या रुळावर चाकावर जेवढे वजन, त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी ओढ मिळते. पावसाने किंवा तेलाने रूळ ओला झाला, की ती बरीच घटते. म्हणून इंजिनात वाळूची पेटी ठेवतात आणि चाकापुढे रुळावर वाळू सोडतात. आजची विजेची इंजिने कितीही नवी असोत, वाळूची पेटी त्यांनाही सुटलेली नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे आणि अचलपूरकडे जाणारी आपली शकुंतला १९९४ सालापर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत असे. आता ती गाडी बंद आहे. पण तिच्यासारख्या जुन्या इंजिनाचे चित्र मिळाले तर मुलांना जरूर दाखवा आणि ओढणारी चाके दांड्यांनी एकमेकांना का जोडली आहेत ते विचारा. उत्तर असे की जितकी चाके ओढतील, तितका इंजिनाचा जास्त भार पकडीच्या कामी येईल.

गुरांच्या डॉक्टरची युक्ती

आता रबराकडे येऊ. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याला रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत सापडली. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन याने चाकाला हवेची गादी लावण्याचा हक्क नोंदवला, पण ती कल्पना त्या वेळी रुजली नाही. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने ती नव्याने शोधली. हा डनलॉप कोण होता? इंजिनियर नव्हे, तर गुरांचा डॉक्टर! मुलाच्या तीनचाकी सायकलला हादरे कमी बसावेत म्हणून त्याने हवा भरलेली रबरी नळी चाकाला बांधली. लोक हसले. पण १८८९ साली बेलफास्टच्या मैदानावर विली ह्यूम हा असेच टायर लावून सायकलशर्यतीत उतरला, जिंकला आणि हसणे थांबले. शर्यतीने टायर सिद्ध केला, ही गोष्ट इतिहासात पुढेही घडली. ती लवकरच सांगतो.

हिंदुस्थानात १९३६ साली हुगळीकाठी साहागंज येथे डनलॉपचा कारखाना निघाला. हवेचे टायर मोटारीबरोबर बैलगाडीलाही लागले आणि रबरी चाकाच्या गाडीचे नावच कित्येक गावांत 'डनलॉप' पडले. अरुंद धाव मऊ रस्त्यात चर पाडते, रुंद टायर वरून जातो. तेवढाच बैलांचा भार हलका झाला. पण इथेही चाक मागोमाग येणारेच होते. रबराच्या ओढण्याची खरी परीक्षा ट्रॅक्टरने घेतली.

ट्रॅक्टरची शर्यत

पहिल्या ट्रॅक्टरांची चाके लोखंडी असत आणि त्यांवर फाळासारखे दाते. वावरात ते माती धरत. पण सडक उखडत, म्हणून त्यांना पक्क्या सडकेवर मज्जाव असे. ॲलिस-चामर्स या अमेरिकन कंपनीने विमानाचे रुंद टायर आणून, त्यांत हवा कमी ठेवून ट्रॅक्टरला लावून पाहिले आणि १९३२ साली रबरी टायरचे ट्रॅक्टर विकायला काढले. शेतकरी म्हणाले, रबर वावरात टिकायचे नाही. मग कंपनीने काय केले? शर्यती भरवल्या! नामांकित मोटारपटू बार्नी ओल्डफील्ड याने १९३३ साली डॅलस येथे ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांहून जास्त वेगाने पळवला. एवढ्या वेगाची शेतात काही गरज नव्हती. पण रबरावर लोकांचा विश्वास बसला तो असा.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतातल्या कासाच्या गवताने ग्रासलेल्या जमिनी नांगरायला घेतल्या. खोल नांगरटीसाठी त्यांनी पट्ट्यांवर चालणारे ट्रॅक्टर आणले. पट्टा म्हणजे जमिनीला जास्तीत जास्त जागा धरणारे चाकच. १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिमंत्री होते आपले अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. १९५९ साली दिल्लीला भरलेले जागतिक कृषि प्रदर्शन त्यांच्याच पुढाकाराचे. त्याच वर्षी फरीदाबादला आयशर ट्रॅक्टर तयार झाला आणि पुढे हळूहळू गावोगाव मागच्या मोठ्या चाकाची ही गाडी दिसू लागली.

पकड येते कुठून?

गुरुजींनो, इथे एक सोपा प्रयोग वर्गात करून दाखवता येईल. एका विटेला दोरी बांधा, ताणकाटा लावा आणि फरशीवर ओढा. आधी वीट आडवी, मग कडेवर उभी. जागा कमी-जास्त झाली तरी काटा जवळपास तोच आकडा दाखवील. आता विटेवर दुसरी वीट ठेवा. आकडा दुप्पट होईल. म्हणजे घर्षण जागेवर नाही, भारावर अवलंबून आहे. हा नियम फ्रान्सच्या आमाँताँ याने १६९९ साली मांडला. रेल्वेचे चाक साधारण याच नियमाने चालते.

पण मातीचा स्वभाव निराळा आहे. विजेच्या धड्यात ज्याचे नाव येते त्याच कुलोमने १७७३ साली मातीविषयी सांगितले की तिचे बळ दोन गोष्टींतून येते : एक कणाकणाचे घर्षण, दुसरे त्यांचा चिकटपणा. वाळू आणि मुरूम यांच्यात चिकटपणा थोडा, तिथे भार वाढवला की पकड वाढते. ओल्या काळ्या चिकण मातीत घर्षण थोडे आणि चिकटपणा जास्त. तिथे नुसते वजन वाढवून चाक खाली जाईल, पकड वाढणार नाही. तिथे जागा वाढवली पाहिजे, म्हणजे रुंद टायर, हवा बेताची आणि टायरचे दाते खोल. ही एक गोष्ट पक्की समजली तरी अर्धे काम झाले : मुरमाड जमिनीत भार, काळ्या जमिनीत जागा.

आणि रबर? ते या दोघांहूनही वेगळे आहे. ते मऊ असल्याने सडकेच्या बारीक खाचाखोचांत शिरते आणि चिकटते. म्हणून रबराला भारही लागतो आणि जागाही.

सरळ पट्टीचे शास्त्र

आता ड्रॅग रेसिंगचे टायर कसे निवडतात ते सहज कळेल. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातले तरुण कोरड्या तळ्यांच्या पात्रांत आणि रिकाम्या धावपट्ट्यांवर जुन्या मोटारी पळवीत. १९५० साली सांता आना येथल्या धावपट्टीवर अशा शर्यती रीतसर सुरू झाल्या आणि १९५१ साली वॉली पार्क्स याने त्यांची राष्ट्रीय संघटना काढली. प्रारंभी हे लोक साध्या टायरवर मऊ रबराचा नवा थर चढवून घेत. त्याच दशकात मार्विन रिफकिन याने खास याच शर्यतीसाठी मागचे टायर बनवले. त्यांना नक्षी नाही, दाते नाहीत, अगदी सपाट. कोरड्या पट्टीवर खाच म्हणजे वाया गेलेली जागा.

या टायरची बाजू उंच आणि लवचीक असते. मोठ्या गाड्यांचे मागचे टायर सुमारे ३६ इंच उंच आणि दीड फूट रुंद असतात, आणि त्यांत हवा असते जेमतेम सात पौंडांच्या आसपास. आपल्या मोटारीत तीसेक पौंड असते. गाडी सुटते त्या क्षणी टायरच्या बाजूला सुरकुत्या पडतात, तो जमिनीवर पसरतो आणि झटका पोटात घेतो. वेग वाढला की तोच टायर फुगून उंच होतो. जणू आधी हलका गिअर आणि मग भारी गिअर, आपोआप. कमी हवेमुळे टायर चाकावरच फिरून सरकू नये म्हणून त्याची कड चाकाला स्क्रूने किंवा कड्याने पक्की करतात. चाक हलके ठेवतात, कारण जड चाक फिरवण्यातच ताकद खर्ची पडते. आणि सुटण्याआधी मागची चाके जागीच फिरवून रबर तापवतात, म्हणजे ते स्वच्छ आणि चिकट होते. भारताततही असे सरळ पट्टीचे सामने होतात. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ते झाले आहेत.

इथे तरुण श्रोत्यांना एक इशारा. झिजून गोटा झालेला टायर म्हणजे शर्यतीचा सपाट टायर नव्हे. शर्यतीचे रबर ताजे आणि मऊ असते, आणि पाऊस आला की ती शर्यतच थांबवतात. आपल्या फटफटीचा गोटा टायर जुना, कडक असतो आणि ओल्या सडकेवर पाणी बाजूला सारायला त्याला खाच उरलेली नसते. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती ते अकोला मार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विक्रम झाला. सडक चांगली झाली, पण ती शर्यतीची पट्टी नव्हे. तिच्यावर शाळेची मुले, बंड्या आणि कापसाच्या गाड्या चालतात. शर्यत शोभते ती बंद पट्टीवर, शिरस्त्राण घालून आणि रुग्णवाहिका जवळ ठेवून.

पुढचे चाक उचलले म्हणजे

आता सर्वांत महत्त्वाचे. गाडी जोराने पुढे निघते तेव्हा तिचा भार मागे सरकतो. शर्यतवाल्याला हे हवेच असते, कारण मागच्या चाकाची पकड वाढते. पण अति झाले की पुढची चाके हवेत उठतात. म्हणून त्या गाड्या पंचवीस फूट लांब करतात, आणि कित्येक गाड्यांना मागे छोट्या चाकांची दांडी लावतात.

ट्रॅक्टरला अशी दांडी नसते. मागचे चाक रुतून घट्ट बसले आणि चालकाने क्लच एकदम सोडला, तर चाक फिरत नाही, ट्रॅक्टरच आपल्या आसाभोवती फिरू लागतो. पुढचा भाग उचलतो आणि सेकंद-दीड सेकंदात ट्रॅक्टर मागे चालकावर उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. जुन्या फोर्डसन ट्रॅक्टरांनी असे कित्येक बळी घेतले. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन याने यावर विचार करूनच तीन बिंदूंची जोडणी काढली. नांगर अडला तर वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे ढकलते आणि पुढची चाके खाली राहतात. आज आपल्या ट्रॅक्टरांना मागे जी तीन दांड्यांची जोडणी दिसते, ती त्याचीच देणगी.

म्हणून ट्रॅक्टर रुतला की मागच्या चाकाला लाकूड बांधून पुढे काढण्याचा खटाटोप कदापि करू नये. तेच लाकूड चाकाला अडकवते आणि ट्रॅक्टर उलटवते. आधी माती खणून काढावी, रिव्हर्समध्ये निघतो का पाहावे, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावा. ओझे नेहमी खालच्या ओढदांडीलाच बांधावे. वर, आसापेक्षा उंच जागी, कधीही नाही.

निवड करताना

टायर घेताना त्यावरचा आकडा वाचायला शिका. १३.६-२८ म्हणजे रुंदी १३.६ इंच आणि रिमचा व्यास २८ इंच. रुंद टायर घ्यायचा तर रिमही त्या मापाची लागते. अरुंद रिमवर तो फुगून मधल्या भागावरच टेकतो आणि जागा वाया जाते. टायरच्या बाजूवर बाण असतो. तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेने हवा. दात्यांचे टोक जमिनीला आधी लागले, तर चिखल बाहेर फेकला जातो. उलट बसवले तर आत साचतो आणि टायर गोट्यासारखा होतो.

ओढीच्या कामाला भार हवा असेल तर टायरमध्ये तीन-चतुर्थांशापर्यंत पाणी भरतात. काम झाले की पेरणीच्या आधी ते काढावे, कारण जादा भाराने माती दाबली जाते, आणि दाबलेल्या काळ्या मातीत कपाशीचे मूळ खोल जात नाही. चाक थोडे घसरणारच. शंभरात आठ-दहा ते पंधरा एवढे चालते. त्याहून जास्त घसरले की डिझेल आणि टायर दोन्ही फुकट जातात. खडूने चाकावर खूण करून, रिकाम्या आणि नांगर लावलेल्या ट्रॅक्टरचे दहा फेऱ्यांतले अंतर मोजा. फरक आपोआप कळेल. हवा किती ठेवावी हे कंपनीच्या तक्त्यातून पाहा. वावरात कमी आणि सडकेवर ट्रॉली ओढताना जास्त, एवढे सूत्र लक्षात ठेवा.

श्रोतेहो, लोहाराच्या धावेपासून शर्यतीच्या सपाट टायरपर्यंत माणसाने एकच गोष्ट शिकली. ताकद कमावणे सोपे, ती जमिनीला पोचवणे अवघड. त्यासाठी आधी जमिनीचा स्वभाव ओळखावा लागतो, मग चाक निवडावे लागते. आपल्या वऱ्हाडच्या काळ्या मातीला तिचा मान देऊन जो चाक निवडील, त्याचा ट्रॅक्टर अडणार नाही. आणि अडलाच, तरी घरचा माणूस संध्याकाळी सुखरूप घरी येईल.